अकरा वर्षांचा ग्रंथ

"आईच्या हातून पडली," मुलगी म्हणाली आणि तिने हार्ड डिस्क काउंटरवर ठेवली. "फडकं मारताना. बाबांचं अकरा वर्षांचं काम आहे यात."

बाबा म्हणजे निवृत्त प्राध्यापक. घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून ते खुर्चीत बसले होते. आई दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

बंद पडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढून देणं, हा त्या दुकानातल्या बाईंचा धंदा. रडणारी गिऱ्हाइकं त्यांना रोजचीच. कुणाचे लग्नाचे फोटो गेलेले, कुणाचा प्रबंध. पण प्राध्यापक सगळ्यांपेक्षा सरस रडत होते.

"मानवी विचारांचा समग्र इतिहास. तीन खंड," ते म्हणाले. "झालाच होता हो. शेवटचा हात फिरवायचा राहिला होता."

पुढचं मुलीने सांगितलं. या ग्रंथापायी घरात अकरा वर्षं कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. टीव्ही आवाज बंद करून पाहायचा. नातवंडांनी आजोबांच्या खोलीवरून चवड्यांवर चालत जायचं. आईने गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, कारण तेवढे दिवस बाबांना वेळेवर चहा कोण देणार? आता पुढच्या महिन्यात बाबांची पंच्याहत्तरी आणि त्याच दिवशी ग्रंथाचं प्रकाशन. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तीन वक्त्यांनी न वाचलेल्या ग्रंथाची स्तुती लिहूनही ठेवली होती. आणि नेमकं आता आईला फडकं मारायचं सुचलं.

"सत्तेचाळीस वर्षांत हिच्या हातून साधा काचेचा ग्लास फुटला नाही," प्राध्यापक म्हणाले. "फोडायला हेच सापडलं?"



बाईंनी डिस्क उघडली. आतला वाचणारा काटा पार मोडला होता. तशाच दुसऱ्या डिस्कचा काटा काढायचा, धूळ नसलेल्या पेटीत भिंगाखाली तो बसवायचा आणि मग चिमूटचिमूट करून माहिती उतरवून घ्यायची, असं ते काम. प्राध्यापकांचा रोज फोन यायचा.

"अजून नाही ना मिळालं?"

"आशा आहे, सर."

"फार ताण घेऊ नका हो. तब्येतीला जपा."

इतक्या वर्षांत बाईंच्या तब्येतीची काळजी करणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. बाईंना भरून आलं. त्या दुप्पट जोमाने कामाला लागल्या आणि सतराव्या दिवशी सगळंच्या सगळं हाती आलं.

'ग्रंथ' नावाच्या फोल्डरमध्ये त्रेचाळीस फाइली होत्या. त्यांतल्या एक्केचाळीस प्रस्तावना होत्या. शेवटची प्रस्तावना पहिलीसारखीच होती, फक्त एक स्वल्पविराम वाढला होता. बेचाळिसावी फाइल ऋणनिर्देशाची, चार पानी. त्यात चौथ्या पानावर, कागदवाल्याच्या खाली, पत्नीचे आभार होते. त्रेचाळिसावी फाइल पहिल्या प्रकरणाची. त्यात एकच वाक्य होतं: 'मानव विचार करतो.' पुढे मानवाने काय केलं ते दुसऱ्या फोल्डरमध्ये दिसत होतं. तिथे पत्त्यांच्या खेळाचे चौदा हजार दोनशे सहा डाव नोंदलेले होते. अकरा वर्षांत एक दिवस खंड नाही.

बाईंनी फोन केला. प्राध्यापक अर्ध्या तासात धापा टाकत एकटेच आले.

"नाही मिळालं म्हणून सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "हात जोडतो."

"आणि तुमच्या मिसेस? घरात सगळे त्यांना बोलत असतील."

"तिला सवय आहे." प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "आणि मी मोठ्या मनाने तिला माफ केलंय."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "बघते," एवढंच म्हणून त्यांनी त्यांना वाटेला लावलं आणि लगेच त्यांच्या घरी फोन लावून काकूंना बोलावून घेतलं. एकट्याच या म्हणून बजावलं.

काकू गुडघा धरत, पायरीपायरीवर थांबत वर आल्या. बाईंनी त्यांना आधी खुर्ची दिली, मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"काकू, तुमच्या हातून काहीही गेलेलं नाही. जाण्यासारखं त्यात काही नव्हतंच. हे बघा. घरी न्या, सगळ्यांसमोर उघडा. म्हणजे तुमच्यामागची कटकट तरी संपेल."

काकूंनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहीत आहे गं. पाच वर्षांपूर्वीच वाचलंय मी. तेव्हा एकवीस प्रस्तावना होत्या."

"मग त्यांना विचारलं नाहीत?"

"काय विचारू? रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि त्या खोलीत जाऊन बसायचे. माणूस उभा होता त्याच्यावर. मी म्हटलं, राहू दे." काकूंनी पदराने कपाळ टिपलं. "पण पत्रिका छापून आल्या आणि ह्यांचं जेवण तुटलं. एक दिवस मला म्हणाले, मी मेलो तर समारंभ तरी टळेल. हसत म्हणाले. ह्यांचं हसणं मला कळतं."

बाईंनी स्क्रीन बंद केला.

"गेलं म्हणून लिहून दे," काकू म्हणाल्या. "सही-शिक्क्यानिशी दे. मुलगी वकील आहे."

बाईंनी कोरा कागद ओढला. 'माहिती परत मिळवणे अशक्य.' धंद्यातलं पहिलं खोटं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली शिक्का मारला.

"नशीबच म्हणायचं, काकू," कागद पुढे करत त्या म्हणाल्या. "नेमक्या वेळी पडली."

"पडली?" काकूंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "अगं, तीनदा आपटली, तेव्हा कुठे बंद पडली!"