माकडाचा गेम

मासे धरायला गेलेला हेमराज वैनगंगेत बुडाला, त्याला नऊ दिवस झाले. त्याची बायको कुंता अजून रडली नव्हती.

भेटायला लोक येत होते, आणि कुंता ओसरीवर मुलीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन बसली होती. हेमराजनेच तो मार्कंड्याच्या जत्रेतून आणला होता. टीव्हीवरच्या कार्टूनमधलं माकड त्यात उड्या मारत केळी गोळा करायचं. कुंताचा अंगठा बटणावरून हलत नव्हता.

शेवटी थोरल्या बहिणीला, साधनाला, राहवलं नाही. “नवरा जाऊन दहा दिवस नाई झाले, अन् तू खेळून राह्यली? लोकं काय म्हनतीन?”

कुंताने मानही वर केली नाही. तिची आठ वर्षांची आचलच हळू आवाजात बोलली.

“मावशी, त्याच्यात सेलच नाईत. बाबा येताना आननार होते.”