पहाटेचा हुकूम

निवृत्त झाल्यापासून भीमरावांचं पोट सुटत चाललं होतं. कारखान्याच्या सवयीनं पहाटे पाचला जाग यायची, पण फिरायला जायचा बेत रोज पांघरुणातच विरायचा. विद्यानगरातल्या एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की मन ताब्यात ठेवायचं तर त्याला मोठ्यानं हुकूम सोडावा. मराठीत सांगितलं की आपलं मन लाडात येतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते कारखान्यातल्या जुन्या मुकादमासारखे कन्नडमध्ये गरजायचे, "एळ, नडी." ऊठ, चल. आणि हुकूम सोडल्याच्या समाधानात कूस बदलून पुन्हा घोरायला लागायचे.

"तुमचं मन बहिरं आहे वाटतं," बायको अनुसया म्हणायची.

उन्हाळ्यात पत्र्याच्या भिंतीपलीकडची कानडी शेजारीण दुर्गव्वा पेढ्यांचा पुडा घेऊन आली. चाळिशीत बाहेरून दहावीला बसलेली ती बाई पास झाली होती.

"अण्णा, तुमचेच उपकार. मला अभ्यासाला पहाटे उठवत नाही असं मी या अक्कांना एकदाच बोलले, तर तुम्ही वर्षभर न चुकता हाक मारलीत."

भीमरावांनी घाईनं दुसरा पेढा तोंडात टाकला. अनुसयेनं पदर तोंडाला लावला.

"आता बारावीचं बघते म्हणते. तेवढं चारला उठवाल का?"



दुसऱ्या दिवशी चारला हाक दिल्यावर पलीकडे दिवा लागला की नाही हे बघायला भीमराव चपला घालून बाहेर आले, आणि आलोच आहोत तर म्हणून चालायला लागले.