डोर्लीकरांचा डावा हात

"आता उजव्यानं मार," निवड समितीच्या कोलते मॅडम म्हणाल्या. शार्दूलनं मारला. चेंडू अलगद जाळीतून खाली आला. दुसराही आला, तिसराही.

"मग मघापासून डाव्यानं कशाला वाया घालवत होतास रे?"

शार्दूल पडला डोर्लीकर. नागपूरच्या बास्केटबॉलमध्ये डोर्लीकर म्हणजे डावा हात. त्या हातानं बाबांनी राज्याला पदक मिळवून दिलं होतं. तो हात घराण्यात टिकावा म्हणून ते लहानग्या शार्दूलचा उजवा हात टॉवेलनं कमरेला बांधून सराव घ्यायचे. पोरगा पोळीही डाव्यानं तोडू लागला, तेव्हा आई चिडली आणि बाबांनी पेढे वाटले.

"राज्याच्या संघात एकच जागा उरलीय," मॅडम हळूच म्हणाल्या. "शेवटचा चेंडू. उजव्यानं मार, जागा तुझी."

शार्दूलनं वर पाहिलं. गॅलरीत बाबा शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होते. "आता पाह्य बे, गंमत!" हे साऱ्या मैदानाला ऐकू आलं.

चेंडू उजव्या हातात क्षणभर थांबला. मग शार्दूलनं तो डाव्या हातात घेतला आणि मारला. कड्यावर गरगर फिरून चेंडू बाहेर पडला. मॅडमनी त्याच्याकडे न बघता पुढच्या मुलाला हाक मारली.

गॅलरीत बाबा उभे राहून टाळ्या पिटत होते. चेंडू आत गेला नाही, ही किरकोळ बाब त्यांच्या लक्षातही आली नव्हती.

"हात पाह्यला का बे पोराचा? डिट्टो माझा!"