नकाशा चुकत नाही

आखीव वसाहतीच्या स्थापनादिनी समितीची माणसं सत्तर वर्षांपूर्वीचा नकाशा घेऊन बंगले तपासायला आली. कुमुदिनीबाईंनी आदल्या दिवशीच कुंपणाची उंची पट्टीने मोजून ठेवली होती.

अध्यक्षांनी दिवाणखान्यात नकाशा उलगडला. "काकू, इथे तर बाग दाखवलीय."

"अहो, माझ्याच हातचा चहा पिताय ना तुम्ही?"

"चहा फक्कड झालाय. पण नकाशा चुकत नाही."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. गेल्या वर्षी शेजारच्या टिपणिसांच्या बंगल्याच्या जागी नकाशात तळं निघालं होतं. आता तिथे बदकं पोहत होती.

"आणि मी? मी कुठे दिसतेय का बागेत?"

अध्यक्षांनी भिंग लावून मनापासून शोधलं. "एक बाक आहे, काकू. रिकामा."

सोबत आलेल्या माळ्याने सोफ्याला पाणी घालायला सुरुवात केली.