नामाच्या घरची पाहुणी

पाटी रिकामी होती. नामाने ती उलटी करून झटकली, खाटेखाली वाकून पाहिलं. एकही कासव नव्हतं.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात डोंबिवलीला एका चोरट्याकडून जप्त केलेली ती कासवं. पाठीवर पिवळ्या चांदण्या. प्राणिसंग्रहालयाची गाडी बंद पडली म्हणून एका रात्रीपुरती चेंदणी कोळीवाड्यात नामाच्या घरी आली. नामा संग्रहालयातला राखणदार, भरवशाचा माणूस. "ठेवतो की मॅडम, घरचीच समजा," असं छाती काढून तोच बोललेला. संग्रहालयाच्या डॉक्टर हेमांनी बजावलं होतं, "रानातली आहेत. पालक घाला, ऊन दाखवा. खोल पाण्यात बुडून मरतात हं."

संध्याकाळभर नामाने गल्लीला शहाणपण शिकवलं. "पिंजरा पिंजरा काय करता रे? संग्रहालय म्हणजे माहेर! बाळंतपण आमच्याकडे, पिल्लं मोठी झाली की परत रानात."

"बाजारात बरा भाव येल रं यांना," धाकटा भाऊ दौलत हसत बोललेला.

तोच दौलत आता भल्या सकाळी दारात उभा होता. कमरेपर्यंत भिजलेला, खाडीच्या चिखलाने माखलेला. वागळे इस्टेटमधली नोकरी गेल्यापासून बाटली हाच त्याचा उद्योग. मागच्या शिमग्याला नामाची सायकल विकून ढोसलेली. आता आणखी पुरावा तो कोणता हवा?

"कासवं कुठं हायत?"

तेवढ्यात गाडी आली, हेमा मॅडम उतरल्या. रिकामी पाटी त्यांनीही पाहिली.

"बोल ना! विकलीस?" नामा ओरडला.

दौलतने मॅडमकडे पाहिलं, मग गल्लीकडे. "हां. मीच इकली."

नामाने फाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. सगळी गल्ली बघत होती. शरमेने नामाला मान वर करवेना. "कुळाला बट्टा आहे हा, मॅडम. पोलिसांत द्या."

"कुणाला विकलीस ते सांग," हेमा म्हणाल्या. "अजून जिवंत मिळतील."

"मिलनार नाय," दौलत म्हणाला आणि रडायला लागला. नामाला त्याची किळस आली. चोर तो चोर, वर नाटकं!

पहाटेच बाहेर पडलेली आई, गोदूबाई, गर्दीतून वाट काढत आली.

"आये, तू आत जा," दौलत घाईने म्हणाला.

"कशाला जाव? आरं नामा, जाल्यान कासव आयला तरी आपून पाया परून सोरतो. न तू घरान आयलेला देव पाटीन कोंबलास?" गोदूबाई समाधानाने हसली. "हलद-कुकू लावून खारीन सोरली मी सगली. भ्यालेली बिचारी, काठाकरंच परत येत व्हती. एकेकाला उचलून खोल पान्यान नेऊन ठेवली."