मानेपासून खाली

"हा नको," हरिहर म्हणाले. "आधार कार्डावरची ही बाई माझ्या ओळखीची नाही."

त्यांच्या बायकोचं, मंदाकिनीचं तेरावं उद्यावर आलं होतं. कोपर स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याने संध्याकाळपर्यंत फोटो मागितला होता. लग्नातला फोटो फारच जुना. भाच्याच्या मुंजीतल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले.

"तुझ्याकडे बघ ना, आसावरी. दर रविवारी काढायचीस की तिचे."

आसावरीने लॅपटॉप उघडला. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत ती गेममधली पात्रं रंगवायची. सरावासाठी लोकांचे कॉस्प्लेचे, म्हणजे पात्रांसारखा वेश करून काढलेले फोटो समोर ठेवायची, पण त्यांत कपड्यांच्या चुण्या धड दिसत नसत. तेव्हा आईच म्हणाली होती, "मी घालते की. मशीन काय नुसतं पिको-फॉल करायला आहे?"

मग जुन्या पडद्यांचा झगा शिवून झाला. योगाची चटई कापून चिलखत झालं. साठी उलटलेली मंदाकिनी लाटणं उगारून हॉलमध्ये उभी राहू लागली. शेजारच्या स्वप्नाकाकू दारातून डोकावायच्या. "काय मंदाताई, आज कुठल्या गडावर स्वारी?"

"आधी कुकर उतरवते, मग गड," आई म्हणायची.

आसावरी फोटो पुढे सरकवत गेली. चेटकीण. सेनापती. चाच्यांची राणी. खांद्यावरून ओघळणारा झगा, आवळलेली मूठ, वाकवलेला गुडघा. तिचा हात भराभर चालू लागला. मग थांबला.

पात्रांचे चेहरे ती मनानेच काढायची. विशीतले, टोकदार हनुवटीचे. कॅमेरा दर वेळी मानेपाशी येऊन थांबला होता.

"एकातही चेहरा नाही, बाबा."

"माहीत आहे. टेबललॅम्प धरून मीच उभा असायचो ना."

"मग बघायला का सांगितलंत?"

हरिहरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले.

"दर रविवारी केस विंचरून, टिकली लावून यायची ती. एकदा मी म्हटलं, अगं, डोकं येतच नाही तुझं फोटोत, कशाला एवढं?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणाली, चुकून एखाद्यात येईल."