एका बाहीचा स्वेटर

आईच्या सुयांवर चार अर्धवट स्वेटर होते. सगळ्यांत जुना बाबांचा, सहा हिवाळे एका बाहीवर अडलेला. कारण दुसरी बाही म्हणजे पहिलीचीच उजळणी, आणि दुकानातून रोज नवी लोकर खुणावायची. शेवटी आईने शपथ घेतली: चारही पूर्ण होईपर्यंत नवा सुरू करायचा नाही. तीन झालेही. मग मी सांगितलं, "तू आजी होणार." आईची बोटं शिवशिवली. "अहो, शपथेचं काय करू?" ती रडकुंडीला आली. बाबांनी आपला स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला. "ही बाही काढ. माझा बिनबाह्यांचा पूर्ण झाला. त्याच लोकरीने बाळाचा सुरू कर." बाही सुटताच बाबा स्वेटर अंगात घालून हात पुढे करून बसले. आई बाही उसवून लोकर त्यांच्या दोन्ही हातांभोवती गुंडाळू लागली. "बघ," ते म्हणाले, "दुसऱ्या हातालाही एकदाची बाही मिळाली."